काठीच्या आधी यादी

मोठे काका: सर्वांना नमस्कार. गावातल्या पोरांनी सुरक्षा पथक काढायचं ठरवलंय. आळीपाळीने रात्रीची गस्त घालणार आहेत. टॉर्च, शिट्ट्या, काठ्या आणि चमकणारी जॅकेटं यांसाठी वर्गणी काढतायत. आपल्या घरातून काय द्यायचं ते आजच ठरवू या.

धाकटा दादा: टॉर्च माझ्याकडून. सगळ्या.

वहिनी: माझाही वाटा धरा. पण काका, एक विचारू का? गस्त चोरांसाठी झाली. खेड्यात माणूस दगावतो तो साप चावून, पुरात अडकून, छातीत कळ येऊन, आणि गाडी वेळेवर न मिळाल्यामुळे. त्यासाठी या पथकात काय सोय आहे?

मोठे काका: एकदा पथक उभं राहिलं की तेही करतील.

ताई: काका, ते आपोआप होत नाही, म्हणून जरा लांबलचक लिहिते. आपत्ती व्यवस्थापनात काम करताना मला सगळ्यात जास्त शिकवलं ते बांगलादेशाच्या उदाहरणाने. नोव्हेंबर १९७० मध्ये तिथे भोला चक्रीवादळात किमान ३ लाख माणसं गेली. वादळ येतंय हे हवामानखात्याला कळलं होतं, पण किनाऱ्यावरच्या वस्त्यांपर्यंत ते नीट पोचलंच नाही. त्यानंतर रेडक्रॉसने गावोगावचे स्वयंसेवक तयार करायला घेतले आणि १९७३ पासून सरकारही त्यात उतरलं. त्यांची साधनं बघा: भोंगा, हाताने फिरवायचा सायरन, रेडिओ आणि झेंडे. धोका वाढला की झेंड्यांची संख्या वाढते, त्यामुळे वाचता न येणाऱ्यालाही कळतं. आणि दारोदार जाऊन उठवायचं. म्हातारं माणूस असेल तर धरून निवाऱ्यात न्यायचं.

२००७ च्या सिद्र वादळातही मृत्यू झालेच, पण साडेतीन-चार हजारांच्या आसपास. श्रेय एकट्या स्वयंसेवकांचं नाही. पक्के निवारे, बांध, सुधारलेला अंदाज हे सगळं होतं. पण निवारा बांधला तरी माणसाला तिथवर न्यायला कुणीतरी लागतंच ना!

आत्या: आता प्रत्येकाच्या हातात फोन आहे. मेसेज टाकला की झालं की.

ताई: आत्या, वादळात पहिल्यांदा वीज जाते, मग टॉवर. आणि मध्यरात्री मेसेज वाचतंय कोण? शेजारच्याने दार ठोठावलं की माणूस उठतो. दुसरं म्हणजे, १९९१ च्या वादळात तिथे सुमारे १ लाख ३८ हजार लोक गेले, त्यात बायका पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त. घरातला पुरुष आल्याशिवाय निघायचं कसं, गर्दीच्या निवाऱ्यात जायचं कसं, कडेवर पोर घेऊन पळायचं कसं, अशी अनेक कारणं. आज तिथे ७६ हजारांच्या आसपास स्वयंसेवक आहेत आणि त्यांत निम्म्या बायका आहेत. आपल्या पथकात किती मुली घेतल्यात, काका?

मोठे काका: एकही नाही. कुणी विचारलंच नाही त्यांना.

वहिनी: विचारायला हवं. दिवसा घरोघरी कोण असतं, कुणाचं बाळंतपण जवळ आलंय, कुणाला ऐकू येत नाही, हे त्यांनाच जास्त ठाऊक असतं.

धाकटा दादा: हे सगळं पटतं. पण गस्त फालतू नाही. इंग्लंडमध्ये शेजारपहाऱ्याची योजना १९८२ मध्ये सुरू झाली तीही मॉलिंग्टन नावाच्या खेड्यातूनच.

ताई: गस्त फालतू आहे असं मी म्हणतच नाहीये. पण त्या योजनेचं सूत्र काय? बघायचं, नोंद करायची, पोलिसांना कळवायचं. पकडायचं नाही. माझी खरी भीती तिथे आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने ५ निरपराध भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. मोबाइलवरच्या अफवांनी डोकी आधीच तापलेली होती. हातात काठी आणि डोक्यात अफवा असली की पथकाचा जमाव व्हायला वेळ लागत नाही. अनोळखी माणूस दिसला तर ११२ ला फोन करायचा आणि अंतर ठेवून थांबायचं. हा नियम पहिल्या बैठकीत, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला गेलाच पाहिजे.

धाकटा दादा: रात्री कुत्री अंगावर येतात. काठी मी सोडायला सांगणार नाही.

ताई: बरं, काठी राहू दे. नियमही राहू दे.

आत्या: सापाचं काय शिकवायचं पोरांना?

ताई: थोडंच, पण पक्कं. घट्ट बांधायचं नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही. अंगठी-बांगड्या काढायच्या, चावलेला भाग हलू द्यायचा नाही, माणसाला चालवायचं नाही, आणि प्रतिविष असलेल्या दवाखान्यात थेट न्यायचं. गाडी कुणाची, रात्री किल्ली कुणाकडे, हे आधीच ठरलेलं असावं. माणूस कोसळला, श्वास नाही, तर छातीच्या मधोमध दाब द्यायचे, मिनिटाला १०० ते १२०, मोठ्या माणसाला किमान ५ सेंटिमीटर खोल. हे वाचून येत नाही, सरावाच्या पुतळ्यावर हाताने करून बघावं लागतं. शिकवायला मी येते.

मोठे काका: ये. बैठक ठरली की तुला फोन करतो. मुलींच्या घरी मी स्वतः जातो. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची आणि अंथरुणाला खिळलेल्यांची नावं काढून पथकाच्या ग्रुपवर टाकायला सांगू का?

ताई: नको नको, ग्रुपवर अजिबात नको! कोणत्या घरात म्हातारं माणूस एकटं आहे, ही यादी चोराच्या हाती लागली तर आपणच त्याला वाट दाखवली असं होईल. कागदावर करा. दोघांकडेच ठेवा, त्यातली एक बाई असू दे. आणि ज्याचं नाव लिहाल त्याला आधी विचारा.

वहिनी: तो कागद मी सांभाळते. दुसरी प्रत कुणाकडे द्यायची ते पथक ठरवू दे.