इन्व्हर्टर तासाभरात बंद पडतोय आणि जनरेटर धूर काढतोय, नवीन घ्यावं का?

मखमलाबादकर:
नमस्कार मंडळी. मखमलाबाद रोडला रो हाऊस आहे आणि आमच्याकडे वळवाचा पाऊस आला, कुठे फांदी पडली की तीन-चार तास लाइट नाही म्हणजे नाही. आईला रात्री ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागतो, ५ लिटरवाला, म्हणून काळजी वाटते नाहीतर मी अंधारात बसलो असतो. इन्व्हर्टर २४ व्होल्टचा, १५० एएच (अँपिअर-अवर) क्षमतेच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या, साडेतीन वर्ष झाली. आधी मशीन आणि एक पंखा पाच तास आरामात चालायचा आता तासाभरात बीप बीप सुरू. एक बॅटरी दुसरीपेक्षा बरंच जास्त पाणी पिते. दुकानदार म्हणतो दोन्ही बदला. शिवाय अंबडच्या जुन्या वर्कशॉपमधला ५ केव्हीएचा डिझेल जनरेटर आहे, सिंगल सिलेंडर, बॅटरी स्टार्ट. दर रविवारी दहा मिनिटं नुसता चालू करून बंद करतो पण आता पांढरा धूर येतो आणि सायलेन्सरच्या जॉइंटमधून काळं तेलकट काहीतरी गळतं. मेकॅनिक म्हणतो इंजिन खोलावं लागेल. पावसाळा तोंडावर आहे, आधी कशावर पैसे घालू?

सातपूर_मेंटेनन्स:
भाऊ इंजिन इतक्यात खोलू नका. दर रविवारी दहा मिनिटं विनालोड चालवता ना, दुखणं बहुतेक तिथेच आहे. लोड नसला की सिलेंडर तापत नाही, डिझेल पूर्ण जळत नाही, ते न जळलेलं डिझेल आणि काजळी मिळून सायलेन्सरमधे साचते आणि जॉइंटमधून गळते. बघणाऱ्याला वाटतं ऑइल गळतंय, रिंगा गेल्या. आमच्या कंपनीत मोठ्या सेटला पण हेच सांगावं लागतं की निदान ३० टक्के लोड पाहिजेच. ५ केव्हीए म्हणजे साधारण ४ किलोवॅट, म्हणजे बाराशे-तेराशे वॅटच्या खाली रोज चालवला तर हे होणारच. घरात २ किलोवॅटचा गिझर असेल ना? तोच लावा. सोबत इन्व्हर्टरचं चार्जिंग, ते पाचशे वॅटच्या आसपास खातं. आधी ऑइलची लेव्हल, एअर फिल्टर बघा आणि मग अडीच-तीन किलोवॅटवर सलग तास-दीड तास चालवा, गिझर कट झाला की नळ सोडा. सुरुवातीला धूर वाढेल, घाबरू नका, पण मोकळ्या जागेत चालवा. धूर साफ झाला तर इंजिनला काही झालेलं नाही. नाही झाला तर डिझेल फवारणारा नोझल काढून डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याकडे टेस्टिंगला द्या, ते खर्चाने कमी आहे. निळा धूर असता तर ऑइल जळतंय म्हटलं असतं, काळा असता तर एअर फिल्टर चोक किंवा ओव्हरलोड. तुमचा पांढरा आहे. आणि ऑइल, चालवल्याचे तास कमी भरले तरी, वर्षातून एकदा बदलाच, पडून राहिलेलं ऑइलही खराब होतं.

एकलहरे_निवृत्त:
आईंसाठी सगळ्यात आधी एक सांगतो. बॅटरी, जनरेटर काहीही करा पण एक बी टाइप सिलेंडर भरून रेग्युलेटर लावून घरात ठेवा. त्यात दीड हजार लिटरच्या आसपास ऑक्सिजन असतो, मिनिटाला २ लिटरच्या फ्लोवर बारा तास जातो. फ्लो किती ते डॉक्टरांना विचारूनच, आणि देवघरातली समई वगैरे त्याच्यापासून लांब.

आता बॅटरी. नोकरीभर पॉवर स्टेशनच्या बॅटरी रूममधे काम केलं, तिथे डीसीची बँक असते आणि प्रत्येक सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे आतल्या ॲसिडची घनता, वहीत लिहावी लागते. घरी कोणी बघतच नाही आणि दुकानदार बॅटरीला हात न लावता सांगतो बदला. ती मोजायचा हायड्रोमीटर दीड-दोनशे रुपयात मिळतो. रात्रभर चार्ज करा, मग इन्व्हर्टर बंद करून दोन-तीन तास तशीच राहू द्या. पाणी घातल्या घातल्या रीडिंग घेऊ नका ते खोटं येतं, वरचं पाणी मिसळायला चार्जिंग व्हावं लागतं. मग बाराही सेलचं (प्रत्येक बॅटरीत सहा) लिहून इथे टाका. फुल चार्जला १.२४० च्या आसपास पाहिजे. चष्मा आणि हातमोजे घाला, जवळ काडी पेटवू नका, चार्जिंगमधे हायड्रोजन निघतो.

जास्त पाणी पिते तीच खराब असं धरू नका. दोन्ही सिरीजमधे, म्हणजे एकीमागे एक जोडलेल्या आहेत. एकीचा एक सेल शॉर्ट झाला तर चार्जरला ते कळत नाही, तो आपला २८.८ व्होल्टपर्यंत ढकलतो, तो व्होल्टेज बाराऐवजी अकरा सेलमधे वाटला जातो आणि चांगल्या बॅटरीचं पाणी उकळल्यासारखं उडतं. म्हणजे पाणी पिणारी कदाचित चांगलीच असेल. आणि कमी झालं तर फक्त डिस्टिल्ड वॉटर, ॲसिड कधीच नाही, आरओचं पाणी पण नाही.

निफाडचा_बागाईतदार:
आमच्याकडे थंडीत पारा पाचच्या खाली जातो तेव्हा जनरेटर पहाटे स्टार्टच होत नाही, ऑइल घट्ट आणि बॅटरी ढिली. त्याच्या बॅटरीला वेगळा छोटा चार्जर लावून ठेवा. टाकी अर्धी ठेवू नका आत वाफेचं पाणी धरतं, फिल्टरच्या खालचा बोल्ट ढिला करून आधी पाणी सोडा. डिझेल संपेपर्यंत चालवलं तर एअर धरतो मग पंपाचा नट ढिला करून हवा काढत बसा रात्री.

लाइनमनच्या_घरातला:
कुणी विचारलं नाही म्हणून विचारतो, जनरेटर घराला कसा जोडलाय? दोन्हीकडे पिन असलेली वायर प्लगमधे घालत असाल तर आजच बंद करा. मेन स्विच चुकून ऑन राहिला तर तुमचे २३० व्होल्ट ट्रान्सफॉर्मरमधून उलटे जाऊन वरच्या लाइनवर ११ हजार होतात, आणि त्याच वेळी आमचे बाबा लाइट बंद आहे समजून पावसात खांबावर चढलेले असतात. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा टू पोल चेंजओव्हर स्विच लावा, जो एका वेळी लाइन किंवा जनरेटर एकच जोडतो, लायसन्सवाल्या वायरमनकडून. आणि जनरेटर आईंच्या खिडकीखाली किंवा बंद पार्किंगमधे नको, धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइड गॅसला वास नसतो.

मखमलाबादकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. चेंजओव्हर होता, जुना आहे, वायरमनला दाखवतो. गिझर आणि चार्जिंग लावून जनरेटर चालवला, पहिली वीस मिनिटं भयंकर धूर, शेजारी बाहेर आले, नंतर हळूहळू साफ, आता फक्त स्टार्टला थोडा. सिलेंडर आणला, डॉक्टरांनी २ चा फ्लो सांगितलाय. काका रीडिंग: जास्त पाणी पिणारी १.२४०, १.२३५, १.२४०, १.२३५, १.२३५, १.२४०. दुसरी १.२२५, १.२३०, १.१२०, १.२२५, १.२२५, १.२३०. म्हणजे तुम्ही म्हणालात तेच?

एकलहरे_निवृत्त:
हो तेच. दुसरीचा तिसरा सेल गेला, इक्वलायझिंग चार्जने, म्हणजे मुद्दाम जास्त वेळ चार्ज करून, तो उठणार नाही, खर्च करू नका. आधी वॉरंटी कार्ड काढा, ट्युब्युलरला बऱ्याचदा पहिली तीन वर्ष पूर्ण आणि पुढची प्रो-राटा, म्हणजे वापरलेल्या काळाप्रमाणे कमी होत जाणारी, असतात, साडेतीन म्हणजे थोडे पैसे वजा होऊ शकतील.

दुकानदाराचं एक खरं आहे, नवी आणि साडेतीन वर्षांची सिरीजमधे जोडू नये, जुनी लवकर रिकामी होते आणि नवीला पण ओढते. इतर कुणाला मी एवढ्याच वयाची वापरलेली शोधा म्हटलं असतं पण आईंचं मशीन आहे तर दोन्ही नव्या घ्या. फक्त चांगली स्क्रॅपच्या भावात देऊ नका, १२ व्होल्टच्या छोट्या इन्व्हर्टरवर राउटर आणि दोन एलईडी वेगळे काढा, तेवढा भार मुख्य इन्व्हर्टरवरून कमी. जनरेटरवर असताना इन्व्हर्टरचा स्विच यूपीएस मोडवरून नॉर्मलवर टाका, छोट्या जनरेटरचा व्होल्टेज हलतो, यूपीएस मोडमधे तो सप्लाय नाकारतो आणि चार्जिंगच होत नाही. नव्या आल्या की पहिल्या दिवशीचं बारा सेलचं रीडिंग वहीत लिहून ठेवा.