मदत हवी आहे: वडिलांच्या फुफ्फुसात बुरशीचा गोळा, बहिणीला त्याच बुरशीची ॲलर्जी. एकाला स्टेरॉईड वर्ज्य, दुसरीला चालू, हे कसं?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. औषधोपचार डॉक्टरांकडे चालूच आहेत, इथे सल्ला नको, समज हवी आहे. ओपीडीत पाच मिनिटांत जेवढं विचारता येतं तेवढं विचारून झालं.

बाबा, वय ६४, निफाड तालुका. शेती, कांद्याची चाळ, दोन गाई. २००९ मध्ये टीबी झाला होता. कोर्स पूर्ण केला, बरे झाले, पण उजव्या फुफ्फुसात वरच्या बाजूला पोकळी राहिली. गेल्या दिवाळीपासून खोकला, वजन उतरलं, मग बेडक्यातून रक्त. सगळ्यांना वाटलं टीबी उलटला. थुंकी तपासली, सीबीनॅट ही टीबीची जनुकीय चाचणीही केली, दोन्ही निगेटिव्ह. शेवटी नाशिकला छातीच्या डॉक्टरांनी सीटी काढायला लावला. जुन्या पोकळीत गोळा दिसला. रक्तात ॲस्परजिलस या बुरशीविरुद्धचा आयजीजी (एक प्रतिपिंड) बराच वाढलेला. इट्राकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध सुरू केलं आणि बजावलं, "स्टेरॉईड कोणी दिलं तर आधी मला फोन करा."

आता गंमत बघा. धाकटी बहीण पुण्यात असते, लहानपणापासून दमा. यंदा पंप घेऊनही धाप थांबेना, खोकल्यातून तपकिरी चिकट गुठळ्या पडायला लागल्या. आयजीई (ॲलर्जीत वाढणारं प्रतिपिंड) ३८०० च्या पुढे. निदान एबीपीए, म्हणजे ॲस्परजिलसचीच ॲलर्जी. आणि तिला दिलंय काय, तर प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉईडच!

माझे प्रश्न:
१) ही बुरशी हवेत सगळीकडे असते म्हणतात. मग आपण सगळे आजारी का पडत नाही? फुफ्फुस तिचं नक्की करतं काय?
२) बाबांची प्रतिकारशक्ती कमी पडली आणि बहिणीची जास्त झाली, असं समजायचं का?
३) २०२१ मध्ये कोविडनंतर आलेल्या म्युकर या काळ्या बुरशीच्या वेळी स्टेरॉईडवर सगळं खापर फोडलं होतं. मग इथे तेच औषध कसं?
४) एकापासून दुसऱ्याला लागलं असेल का? आई फार घाबरली आहे, बाबांचं ताट-वाटी वेगळं काढलंय.

आजीचा बटवा

काळजी करू नका. गुळवेल, हळद-दूध आणि तुळशीचा काढा सुरू करा. प्रतिकारशक्ती वाढली की बुरशी आपोआप जाते. आमच्याकडे अनुभव आहे.

सूक्ष्मदर्शी

बटवाताई, रागावू नका, पण त्यांच्या बहिणीचा आजारच प्रतिकारशक्ती नको तेवढी पेटल्यामुळे झालाय. तिला अजून काय वाढवायचं?

गोदाकाठ, मी सूक्ष्मजीवशास्त्रवाला, डॉक्टर नाही. पहिल्या प्रश्नावर बोलतो, तो माझ्या आवडीचा आहे.

ॲस्परजिलस फ्युमिगेटसचा बीजाणू २-३ मायक्रॉनचा असतो. नाकातून, श्वासनलिकांतून सुटून थेट शेवटच्या वायुकोशापर्यंत जाईल एवढा बारीक. आपण प्रत्येकजण असे बीजाणू रोज शेकड्याने ओढतो, कुजका चारा किंवा खताचा ढीग उपसणारा तर कितीतरी जास्त. बरेचसे वाटेतच चिकट स्रावात अडकतात आणि नळ्यांच्या आतली सूक्ष्म केसांची लव त्यांना वर ढकलते. आपण नकळत गिळून टाकतो.

जे खाली पोहोचतात त्यांना वायुकोशातल्या मॅक्रोफेज पेशी गिळतात. यातला खरा मजेशीर भाग म्हणजे सुका बीजाणू शरीराला जवळजवळ दिसतच नाही. त्याच्या अंगावर रॉड-ए नावाच्या प्रथिनाचा रेनकोट असतो. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या गटाने २००९ मध्ये दाखवलं की तो काढून टाकला की तोच बीजाणू प्रतिकारशक्तीला चाळवतो. आणि हे एका अर्थी बरंच आहे. श्वासागणिक येणाऱ्या प्रत्येक बीजाणूवर फुफ्फुस सुजलं असतं तर आपलं काही खरं नव्हतं.

बीजाणूला आत ऊब आणि ओल मिळाली की काही तासांत तो फुगतो, वरचा थर फाटतो आणि आतलं बीटा-ग्लुकन उघडं पडतं. मॅक्रोफेजवर डेक्टिन-१ नावाचा रिसेप्टर (ओळखणारं प्रथिन) असतो, तो नेमकं हेच ओळखतो. म्हणजे निजलेल्याला सोडायचं आणि उठू लागलेल्याला धरायचं. धरलं की हाकाटी होते आणि रक्तातून न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी धावत येतात. तंतू फुटून लांब झाला तर तो गिळता येत नाही, तेव्हा हे न्यूट्रोफिल बाहेरूनच ऑक्सिजनची जहाल संयुगं सोडून त्याला जाळतात, प्रसंगी स्वतःच्या डीएनएचं जाळंही त्याच्यावर टाकतात.

हे ऑक्सिजनचं हत्यार किती मोलाचं, ते एका जन्मजात आजारात कळतं. क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीजमध्ये न्यूट्रोफिल असतात, पण हे हत्यार बनवणारं विकरच नीट चालत नाही. अशा मुलांना ॲस्परजिलस फार छळतो. केमोत न्यूट्रोफिलच तळाला जातात, तिथेही तीच गत.

छातीठोक

छातीचा डॉक्टर आहे. वर चांगलं लिहिलंय, मी २ आणि ३ घेतो. त्याआधी चौथा निकालात काढू: माणसाकडून माणसाला हे लागत नाही. आईंना सांगा, ताट-वाटी परत एकत्र करा. घरात जुन्या टीबीची धास्ती असते हे समजतं, पण टीबी नाही हे तपासून झालंय.

"कमी-जास्त" या पट्टीवर बाबांना मोजू नका. त्यांच्या पांढऱ्या पेशी बहुधा ठणठणीत असतील. आयजीजी वाढलाय म्हणजे शरीराने बुरशी ओळखलीय आणि प्रतिपिंडं तयार केलीत. अडचण जागेची आहे. जुन्या पोकळीची भिंत म्हणजे व्रणाची ऊती, तिथे लव उरलेली नाही, बीजाणू वर ढकलणार कोण? तो आत पडला, वाढला, तंतू, मेलेल्या पेशी आणि स्राव यांचा गोळा झाला. त्या गोळ्यात रक्तवाहिनी नाही. न्यूट्रोफिल भिंतीपर्यंत येतात, गोळ्याच्या पोटात शिरू शकत नाहीत. औषधाचीही तीच रड. सीटीत रुग्णाला पालथं झोपवलं तर कधीकधी गोळा पोकळीत सरकलेला दिसतो, इतका तो सुटा असतो. रक्त येतं ते पोकळीच्या भिंतीत दाह होऊन फुगलेल्या वाहिन्यांतून. म्हणून एक गोष्ट ठाम सांगतो: कपभर किंवा त्याहून जास्त रक्त पडलं तर सकाळची वाट बघायची नाही, थेट मोठं रुग्णालय गाठायचं. तिथे वाहिनीत नळी घालून ती बंद करण्याची सोय असते.

बहिणीची गोष्ट निराळी. तिच्या नळ्यांत बुरशी मांसात शिरत नाही, फक्त चिकट स्रावात रुजते. दम्याच्या प्रकृतीमुळे शरीर तिथे न्यूट्रोफिलऐवजी ॲलर्जीचा मार्ग धरतं: आयजीई, इओसिनोफिल (ॲलर्जीतल्या पांढऱ्या पेशी), आणखी स्राव. त्या स्रावात बुरशीला आणखी जागा मिळते. तपकिरी गुठळ्या म्हणजे तोच घट्ट झालेला माल. नळ्यांची नासाडी बुरशीपेक्षा हा दाहच जास्त करतो, आणि तो वेळीच विझवला नाही तर नळ्या कायमच्या रुंदावतात. तिथे स्टेरॉईड दाह विझवतं. बाबांच्या बाबतीत मात्र तेच औषध बुरशीला कोंडीत धरणाऱ्या पेशींचे हात बांधतं.

म्युकरमध्ये स्टेरॉईड एकटं दोषी नव्हतं. भरमसाट डोस, त्यात साखर ४०० च्या घरात, कीटोॲसिडोसिस, म्हणजे मधुमेहात रक्त आम्लधर्मी होणं. अशा रक्तात न्यूट्रोफिल मंदावतात आणि बांधलेलं लोह सुटं होतं. लोह हे म्युकरचं खाद्य. शिवाय ती बुरशीच वेगळी, रक्तवाहिन्यांत घुसणारी.

रानवारा

माझ्या सासूबाईंना बाबांसारखंच होतं. आम्हाला आधी "सहा महिने गोळ्या" म्हणाले, मग वर्ष केलं. चिडचिड झाली होती तेव्हा.

छातीठोक

वर्ष करण्याला आधार आहे. चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेने सहा आणि बारा महिन्यांच्या इट्राकोनॅझोलची तुलना केली होती, २०२२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. बारा महिने घेणाऱ्यांत आजार उलटण्याचं प्रमाण बरंच कमी निघालं.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. आईला चौथ्याचं उत्तर वाचून दाखवलं. "डॉक्टर आहेत का खरे ते?" म्हणाली, पण ताट एकत्र आलंय.

आता दोन व्यवहारी शंका. बाबा चाळीत जाऊ शकतात का? आणि त्यांना ॲसिडिटीसाठी सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल चालू आहे, इट्राकोनॅझोलची कॅप्सूलही त्याच्याबरोबरच घेतात. चालेल ना?

सूक्ष्मदर्शी

सडका कांदा निवडणं, काळा पडलेला कडबा झटकणं, शेणखताचा ढीग उकरणं ही कामं दुसऱ्या कोणावर सोपवा. ढीग आतून तापतो ना, ५० अंशांपर्यंत. ही बुरशी त्यातही मजेत जगते. आपलं ३७ अंशांचं शरीर तिला काहीच वाटत नाही. नुसतं रानात हिंडायला काय हरकत? एन-९५ लावा, रुमाल नको.

छातीठोक

पॅन्टोप्राझोलचं आजच डॉक्टरांना कळवा. साध्या इट्राकोनॅझोल कॅप्सूलला पोटात आम्ल लागतं, नाहीतर ती नीट शोषलीच जात नाही. ती भरल्या पोटी घ्यायची असते. ॲसिडिटीची गोळी थांबवायची, बदलायची की औषधाचा प्रकार बदलायचा, ते त्यांना ठरवू द्या, आणि रक्तातली औषधाची पातळी तपासता येईल का तेही विचारा. पायावर सूज किंवा चढताना दम वाढला तर लगेच सांगायचं.

बहिणीला पुढे इट्राकोनॅझोल दिलं तर तिने पंपाचं नाव डॉक्टरांना आवर्जून दाखवावं. ब्युडेसोनाईडचा पंप असेल तर या औषधाबरोबर त्यातलं स्टेरॉईड अंगात साचतं. मिथाइलप्रेडनिसोलोनचंही तसंच.

गोदाकाठ

पंपाच्या डबीचा फोटो मागवला. ब्युडेसोनाईडच निघालं. तिची मंगळवारी अपॉइंटमेंट आहे, डबी सोबत घेऊन जा म्हणून सांगितलंय.