ग्वाटेमाला: शिक्षा दहा दिवसांत रद्द, मग खटल्याचा उपयोग काय?

वाटसरू:
काल मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमाला देशाबद्दल वाचत बसले आणि झोपच उडाली. जनरल रिओस माँट १९८२-८३ मध्ये सत्तेवर होता, लष्कराने इशिल माया या तिथल्या मूळनिवासी लोकांची गावंच्या गावं जाळली, १,७७१ जणांच्या हत्येचा खटला चालला, १० मे २०१३ ला वंशसंहारासाठी वगैरे ८० वर्षांची शिक्षा झाली आणि २० मे ला वरच्या कोर्टाने प्रक्रियेचं कारण काढून निकाल रद्द केला. २०१८ ला तो घरीच वारला. मग त्या साक्षीदारांनी सगळं परत उगाळलं ते कशासाठी?

तळघर:
ताई, वारला पण निर्दोष सुटला नाही, फेरखटला चालूच होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कोर्टाने वंशसंहार झाला हे पुन्हा मान्य केलं, फक्त दुसऱ्या आरोपीला, त्याच्या गुप्तचर प्रमुखाला सोडलं. २०१३ चे फोटो बघा, इशिल बाया आपल्या भाषेत सांगतायत आणि हा जनरल कानाला हेडफोन लावून भाषांतर ऐकतोय. ऐकावं लागलं त्याला, मला हेच फार मोठं वाटतं.

रानवाट:
तिथल्याच सेपूर सार्को गावाचा खटला पण वाचा. केक्ची माया शेतकरी जमिनीचे कागद मागत होते म्हणून लष्कराने त्यांना उचलून नेलं, आणि मागे राहिलेल्या बायकांना तळावर पाळी लावून धुणं, स्वयंपाक करायला लावला, वर बलात्कार. त्या म्हाताऱ्या बाया कोर्टात तोंडावरून शाल ओढून बसायच्या, समोर खोक्यांतून उकरलेली हाडं मांडलेली. फेब्रुवारी २०१६ ला दोघा आरोपींना १२० आणि २४० वर्षांची शिक्षा झाली.

एकमत_नाही:
मान्य, पण दुसरी बाजू बघा. २०१६ मध्येच कायदा बदलला, मुख्य सरकारी वकिलावर गुन्हा सिद्ध झाल्याशिवाय राष्ट्राध्यक्षाला त्यांना काढताच येत नाही. हेतू चांगला होता हो, राजकारण्यांचा दबाव नको म्हणून. पण २०२३ ला आरेव्हालो राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले तेव्हा त्याच पदावरच्या कोन्सुएलो पोर्रास यांच्या माणसांनी निवडणुकीचे कागदच जप्त केले. माया लोकांनी रस्ते अडवले, पोर्रास यांच्या ऑफिसबाहेर महिनोन्‌महिने ठाण मांडलं, म्हणून जानेवारी २०२४ ला शपथविधी तरी झाला. आणि एप्रिल २०२५ मध्ये त्याच आंदोलनातल्या दोन नेत्यांना दहशतवादाचा आरोप लावून आत टाकलं!

वाटसरू:
बाप रे. सेपूर सार्कोच्या त्या जमिनींचे कागद पुढे झाले का बायांच्या नावावर?

रानवाट:
कोर्टाने जमिनीचं काम मार्गी लावा म्हणून सांगितलंय, पण वर्षानुवर्षं रखडलंय. त्यातल्या काही जणी वाट बघतच गेल्या.