25 मीटरच्या तलावात 1:12, बालेवाडीला 1:16. लेकीचे चार सेकंद कुठं गेले?

औसेकर_बाप
राम राम मंडळी. मी औसा तालुक्यातला शेतकरी. एप्रिल 2016 ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा माझी लेक दोन वर्षांची होती, अन् आमच्या विहिरीचा तळ उघडा पडला होता. पुढं विहीर भरली तेव्हा पाठीला रिकामा डबा बांधून मीच तिला पोहायला शिकवलं. आता चार वर्षं झाली, रोज पहाटे गाडीवर लातूरला तलावावर नेतो. तलाव 25 मीटरचा. 100 मीटर फ्रीस्टाइलला टाइम येतो 1:12, म्हणजे एक मिनिट 12 सेकंद.

गेल्या महिन्यात पुण्याला बालेवाडीत पहिल्यांदाच 50 मीटरच्या तलावात उतरली. 1:16. बाहेर आली अन् लातूर येईस्तोवर एक शब्द बोलली नाही. लेकरानं कसूर केली म्हणावं तर शेवटपर्यंत जीव तोडून हात मारायली होती, मी डोळ्यानं बघितलंय. तिला काय सांगू?

नांदेडची_ताई
दादा, आधी हे सांगा की ती हळू पोहलेली नाही, तिच्या भिंती कमी झाल्या. 100 मीटरला 25 च्या तलावात तीन टर्न, म्हणजे भिंतीला पाय रेटून वळणं, मिळतात, 50 च्या तलावात एकच. शर्यतीत सगळ्यात जास्त वेग असतो तो उडी मारल्यावर अन् भिंतीला पाय रेटल्यावर. नुसत्या हातानं तेवढा कुणालाच काढता येत नाही. पाण्याखाली लाटांचा अडथळाही कमी. म्हणून तर टर्ननंतर 15 मीटरच्या आत डोकं वर आलंच पाहिजे असा नियम करावा लागला.

थेट वरचं बघा. ऑस्ट्रेलियाच्या काइल चाल्मर्सनं 2021 ला 100 मीटर फ्रीस्टाइलला 25 मीटरच्या तलावात 44.84 सेकंदांचा विश्वविक्रम केला. चीनच्या पान झानलेनं त्याच शर्यतीत 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकला, म्हणजे 50 मीटरच्या तलावात, विश्वविक्रम केला तो 46.40 चा. तिथंच दीड सेकंदाचा फरक पडतो, तर लहान लेकराला दोन-तीन सेकंद सहज जातात.

उरलेला एखादा सेकंद बहुतेक दमाचा. लांब तलावात खांद्याला उसंत द्यायला मध्ये भिंतच येत नाही. मी पहिल्यांदा 50 मध्ये उतरले तेव्हा 30 मीटरनंतर हात कसे जड झाले होते ते आजही आठवतं.

यावर तुमच्याच तलावात उपाय आहे. कोचला विचारून आठवड्यातून दोनदा, मधल्या भिंतीच्या अलीकडंच, पाय न लावता पाण्यातच वळायला लावा. दर 25 मीटरला हात मोजा. अन् हात जोडून एक सांगते, विहिरीत दम कोंडून राहायच्या पैजा लावू देऊ नका. पाण्याखाली शुद्ध हरपते अन् काठावरच्याला कळतही नाही.

परभणीचा_मास्तर
ताईंनी सगळं सांगितलंच. मुलीला वीरधवल खाडेबद्दल सांगा. कोल्हापूरचा पोरगा, 2008 ला बीजिंग ऑलिंपिकला पोहला तेव्हा 16 वर्षांचा. 2010 ला ग्वांगझूच्या एशियाडमध्ये 50 मीटर बटरफ्लायला ब्राँझ. त्याआधी एशियाडच्या पोहण्यात आपल्याला शेवटचं पदक होतं ते खजानसिंगचं रौप्य, 1986 चं. आणि पुढच्या वेळी स्पर्धेच्या दोन दिवस आधी पुणं गाठा, लांब तलावाची नजरेला सवय होऊ द्या.

औसेकर_बाप
ताई, तिला सगळं वाचून दाखवलं. "म्हणजे माझा एकच सेकंद गेला ना बाबा?" म्हणाली. आज पहाटे मला तिनंच उठवलं. भिंतीला पाय न लावता 100 मीटर केले. पहिल्या 25 ला 22 हात, शेवटच्या 25 ला 27. हे लई जास्त आहे का?