सक्ती हजेरीची आहे, उत्तीर्ण होण्याची नाही
कैद्यांवर शिक्षणाची सक्ती केल्यास वर्ग भरतील, पण शिकणार कोणी नाही, हा आक्षेप मला अर्धाच पटतो. अमेरिकेच्या संघीय तुरुंगांत हायस्कूल पदविका किंवा समकक्ष जीईडी प्रमाणपत्र नसलेल्या कैद्याला साधारणपणे किमान २४० तास वर्गात बसावे लागते. उत्तीर्ण होण्याची सक्ती नाही. खरा दाब वेगळ्याच ठिकाणी आहे: समाधानकारक प्रगती करणाऱ्याला चांगल्या वर्तणुकीबद्दल शिक्षेत वर्षाला ५४ दिवसांपर्यंत सूट मिळू शकते, तर वर्ग सोडणाऱ्याला ४२ दिवसांपर्यंतच. दीर्घ शिक्षा भोगणाऱ्यासाठी हा फरक लहान नव्हे. मात्र ज्याला धड वाचताच येत नाही (आणि तुरुंगात असे लोक थोडे नसतात), त्याच्यासाठी आधी स्वतंत्र शिक्षक नेमायला हवेत.