मदत हवी आहे: ब्लॉक देऊनही आजी बसत नाहीत

भूल_कागल:
खुब्याचं फ्रॅक्चर, आजी ७८ वर्षांच्या. फॅशिया इलियाका (जांघेतून मांडीच्या नसा बधिर करणारा ब्लॉक) दिला, तरी हात लावला की ओरडतात. स्पायनलला (पाठीतून भूल) बसवायचं कसं? उद्या सकाळी पहिली केस. पेंग (खुब्याच्या सांध्याच्या नसांचा खोल ब्लॉक) करू का? लवकर सांगा.

रंकाळा_काठ:
वजन किती? औषध कुठलं, किती एमएल? सोनोवर बघून की पॉपवर (सुई पडद्यातून जाताना लागणारा झटका)? किती वेळाने हलवलं? हे कळल्याशिवाय सांगणार काय?

भूल_कागल:
४२ किलो. इंटरट्रोक, म्हणजे मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला. बुपिव्हाकेन पाव टक्का, २० एमएल, दोन पॉप मोजून, आज ११ वाजता. दहा मिनिटांनी बसवून बघितलं.

रंकाळा_काठ:
मग गोष्ट उघड आहे. हा व्हॉल्यूमचा ब्लॉक, ३० ते ४० एमएल लागतात. जांघेच्या खाली २० एमएल सोडलं तर ते वर चढत नाही. फीमोरल थोडी बधिर होते, मांडीच्या बाहेरची नस सुटते. शिवाय दहा मिनिटांत काही होत नाही, अर्धा तास थांबा. बर्फ लावून मांडीची पुढची आणि बाहेरची बाजू दोन्ही तपासा, मगच हलवा.

सुप्राइंग्वायनल, म्हणजे जांघेच्या वरून करा. सोनोचा लिनिअर प्रोब एएसआयएसच्या (कमरेच्या हाडाचं पुढचं टोक) आतल्या बाजूला उभा धरा. सार्टोरियस आणि इंटरनल ऑब्लिक हे स्नायू मिळून बो-टाय दिसतो, त्याखाली इलियाकस स्नायू. डीप सर्कमफ्लेक्स इलियाक धमनी फॅशियाच्या (इलियाकसवरचा पडदा) वर असते. औषध बरोबर पडलं की ती वर उचलली जाते आणि औषध डोक्याकडे सरकतं. स्नायू फुगला तर सुई खोल गेली आहे, मागे घ्या.

पन्हाळा_ऑर्थो:
एवढा खटाटोप कशाला? पेंग करा, २० एमएलमध्ये काम होतं, मांडीची ताकदही राहते. ऑपरेशननंतर लवकर उभं करता येतं.

रंकाळा_काठ:
सर, पेंगने कातडी बधिर होत नाही. सुई खोल जाते, आतल्या बाजूला फीमोरल रक्तवाहिन्या. औषध आत पसरलं तर ताकदही जाते. आणि ११ वाजताचे ५० मिग्रॅ आधीच शरीरात आहेत. बुपिव्हाकेन २ मिग्रॅ/किलो धरलं तर यांची मर्यादा ८४. आज फार तर ३४ मिग्रॅ, म्हणजे पाव टक्क्याचे १३ एमएल उरतात. पूर्ण डोस उद्या पहाटे.

सिस्टर_इचलकरंजी:
पॅरासिटामॉल चालू आहे ना? ५० किलोच्या खाली एक ग्रॅम सरसकट नको, १५ मिग्रॅ/किलो, म्हणजे यांना ६३० मिग्रॅ, सहा तासांनी. ट्रॅमाडॉलने (जोरदार वेदनाशामक) या वयात भ्रम होतो. पायाखाली उशी ठेवा.

गडहिंग्लजकर:
पोर्टेबल सोनो मशीन असेल तर पीसीपीएनडीटीची (गर्भलिंग निदानबंदी कायदा) नोंद त्याच हॉस्पिटलची आहे ना? पिशवीत घालून दुसरीकडे नेता येत नाही. आणि महात्मा फुले योजनेचे कागद आधी बघा.

भूल_कागल:
मशीन आमचंच, नोंद आहे. योजनेचं मी विचारलेलं नाही. बसवायचं कसं ते सांगा.

पन्हाळा_ऑर्थो:
बसवूच नका. दुखरी बाजू वर ठेवून कुशीवर घ्या, तसंच स्पायनलमध्ये प्लेन बुपिव्हाकेन द्या.

सिस्टर_इचलकरंजी:
हृदयाची औषधं चालू आहेत का? कुणी विचारलंच नाही.

भूल_कागल:
क्लोपिडोग्रेल (रक्त पातळ करणारी गोळी) होतं. शेवटची गोळी परवा.

रंकाळा_काठ:
डॉक्टर, हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं! पाच ते सात दिवस झाल्याशिवाय स्पायनल नाही. बसवायचा प्रश्नच मिटला. ऑपरेशन मात्र त्यासाठी लांबवू नका. अंथरुणावर न्यूमोनिया, जखमा, गुठळ्या वाढतात. हलकं जीए (पूर्ण भूल) आणि त्याआधी ब्लॉक. फॅशिया इलियाका वरवरचा आहे, रक्त आलं तर दाबता येतं. खोलवरचा पेंग या पेशंटला नको.

उद्या अर्ध्या टक्क्याचे १६ एमएल, तेवढंच सलाईन, म्हणजे ३२ एमएलमध्ये ८० मिग्रॅ. बोथट सुई, दर ५ एमएलला खेचून रक्त येतंय का बघा. २० टक्के लिपिड (बुपिव्हाकेनच्या विषबाधेवरचा उतारा) टेबलावर हवं, पहिला बोलस १.५ एमएल/किलो, यांना ६३ एमएल. सर्जन टाके घालताना लोकल (जखमेत बधिर करायचं औषध) मारायला जाईल, त्यांना आधीच सांगा की कोटा संपलाय.

भूल_कागल:
करतो. लिपिड स्टोअरमध्ये आहे का बघून येतो.