सरकारने खर्च कापला की मंदी येते का? ग्रीस आणि कॅनडाचे निकाल उलटे का?

खातेवही:
या विषयावर दोन ठाम मतं कायम ऐकू येतात. एक, सरकारने खर्च कापला की मंदी ठरलेली. दुसरं, सरकारने हात आखडता घेतला की व्याजदर उतरतात आणि खासगी गुंतवणूक वाढते. पहिल्याच्या बाजूने 2010 नंतरचा ग्रीस पुढे केला जातो, दुसऱ्याच्या बाजूने 1995 चा कॅनडा. कपात दोघांनीही केली, मग निकाल इतके उलटे कसे? कोणी आकड्यांत मांडून दाखवेल का? आणि आपल्याकडे केंद्र सरकार दरवर्षी तूट खाली आणतंय, त्यात धोका कितपत?

हिशेबी:
सरकारी खरेदी आणि पगार जीडीपीतच मोजले जातात, त्यामुळे कपातीचा पहिला फटका बसतोच. वाद आहे तो पुढच्या साखळीबद्दल. ज्याचा पगार कापला किंवा बिल अडकलं तो स्वतःचा खर्च किती आवरतो, आणि ती जागा दुसरं कोणी भरून काढतं का? या सगळ्याचा एकत्रित आकडा म्हणजे गुणक: सरकारने 1 रुपया कापला तर जीडीपी एकूण किती रुपयांनी घटतो.

कागद घ्या. जीडीपी 100, सरकारी कर्ज 130, आणि जीडीपीच्या 40 टक्के महसूल सरकारकडे येतो असं धरा. 2010 चा ग्रीस साधारण असाच होता. आता 3 ची कपात करा.

गुणक 0.5 असेल तर जीडीपी 98.5 वर येतो. महसूल 0.6 ने बुडतो, म्हणजे 3 कापून हाती लागले 2.4. कर्ज 127.6, जीडीपीशी त्याचं गुणोत्तर 129.5 टक्के. थोडं का होईना, खाली आलं.

गुणक 1.5 असेल तर जीडीपी 95.5, महसूल 1.8 ने बुडाला, हाती लागले जेमतेम 1.2. कर्ज 128.8 झालं खरं, पण गुणोत्तर 134.9 टक्के. म्हणजे कर्ज कमी करायला निघालो आणि बोजा जवळपास पाच टक्क्यांनी वाढवून बसलो.

उलटा परिणाम कुठून सुरू होतो ते काढायला एक सोपं सूत्र आहे: 1 भागिले (कर्जाचं गुणोत्तर अधिक महसुलाचं गुणोत्तर). इथे 1 ÷ 1.7, म्हणजे 0.59. गुणक याच्या वर गेला की त्या वर्षापुरती तरी कपात अंगाशी येते.

गोम इथेच आहे. युरोपबद्दलचे अंदाज बांधताना गुणक 0.5 च्या आसपास गृहीत धरला गेला होता. ऑक्टोबर 2012 मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्याच ऑलिव्हिए ब्लांशार आणि डॅनियल ली यांनी दाखवलं की प्रत्यक्षात तो 0.9 ते 1.7 च्या दरम्यान होता. ग्रीसला कर्ज देताना आखलेल्या मे 2010 च्या कार्यक्रमात ग्रीसचा जीडीपी 2011 मध्ये 2.6 टक्के घसरेल आणि 2012 मध्ये 1.1 टक्के वाढेल असं लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात 2011 ची घसरण 9 ते 10 टक्के झाली आणि 2012 मध्येही घसरण सुरूच राहिली. 2008 ते 2013 मिळून अर्थव्यवस्थेचा सुमारे चौथा हिस्सा गेला, बेरोजगारी 27 टक्क्यांच्या वर पोचली.

टोरांटोकर:
हिशेब बरोबर आहे, पण गुणक हा काही देशाच्या कपाळावर लिहिलेला आकडा नाही. परिस्थितीप्रमाणे तो बदलतो, आणि कॅनडा-ग्रीस फरक त्यातच आहे.

फेब्रुवारी 1995 च्या अर्थसंकल्पात कॅनडाचे अर्थमंत्री पॉल मार्टिन यांनी केंद्राची सुमारे 45,000 पदं कमी करायचं जाहीर केलं, खात्यांच्या खर्चाला कात्री लावली, आणि 1997-98 मध्ये तूट संपली. मंदी आली नाही. का? एक तर बँक ऑफ कॅनडाकडे व्याजदर उतरवायला भरपूर जागा होती: 1995 च्या सुरुवातीला 8 टक्क्यांच्या आसपास असलेले दर 1996 अखेर सुमारे 3 वर आले. स्वतःचं चलन होतं, आणि ते स्वस्त होतं. शिवाय सगळ्यात मोठं गिऱ्हाईक असलेली अमेरिका तेजीत होती. सरकारने सोडलेली जागा निर्यात आणि स्वस्त कर्जाने भरली. (फुकट काहीच झालं नाही. केंद्राने प्रांतांचं आरोग्य आणि शिक्षणाचं अनुदान कापलं, त्यामुळे बराच बोजा प्रांतांच्या गळ्यात पडला. हे सांगायला लोक विसरतात.)

ग्रीसकडे यातलं काहीच नव्हतं. चलन युरो, म्हणजे अवमूल्यनाची वाट बंद. युरोपियन सेंट्रल बँकेने तर 2011 मध्ये एप्रिल आणि जुलै अशा दोन खेपांना दर वाढवून 1.5 टक्क्यांवर नेले. स्पेन, पोर्तुगाल, इटली त्याच वेळी कपात करत होते. देशातल्या बँका स्वतःच धापा टाकत होत्या. वर 2010 मध्येच व्हॅट 19 वरून 21 आणि मग 23 टक्के, आणि फेब्रुवारी 2012 मध्ये किमान वेतनात 22 टक्के कपात. सगळी दारं एकदम बंद झाली की गुणक दीडच्या आसपास गेला तर नवल नाही.

रोखठोक:
ग्रीसला बिनकपातीचा पर्याय होता हे गृहीतकच चुकीचं आहे. 2009 ची तूट जीडीपीच्या 15 टक्क्यांच्या आसपास होती आणि 2010 च्या वसंतात बाजारात कोणी परवडेल अशा दराने कर्ज देत नव्हतं. युरो देश आणि नाणेनिधीच्या पॅकेजचे 110 अब्ज युरो मिळाले नसते तर व्याज बुडवूनसुद्धा उरलेली तूट एका रात्रीत शून्यावर आणावी लागली असती. म्हणजे त्या पॅकेजमुळे कपात उलट लांबवता आली. खरी चूक कर्जाच्या फेररचनेला मार्च 2012 उजाडला ही, आणि नाणेनिधीच्या जून 2013 च्या मूल्यमापनातही ती नोंदवलेली आहे.

आणि कपातीने मंदी येते याचा दाखला म्हणून 1937 ची अमेरिकाही पुढे केली जाते, तीही सरसकट कपातीच्या नावावर खपवू नका. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांचा बोनस 1936 मध्ये वाटून झाला होता, 1937 पासून सामाजिक सुरक्षेचा कर सुरू झाला, हे खरं. पण त्याच सुमारास फेडने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, बँकांची राखीव निधीची अट दुप्पट केली, म्हणजे ठेवींतला दुप्पट हिस्सा बाजूला ठेवायला लावला. औद्योगिक उत्पादन जवळपास तिसऱ्या हिश्श्याने पडलं, त्यातलं कोणामुळे किती यावर अभ्यासक अजून भांडतात.

खातेवही:
सूत्र एकदम कामाचं आहे. मग भारताला लावलं तर?

हिशेबी:
केंद्र आणि राज्यं मिळून कर्ज जीडीपीच्या साधारण 80 टक्के, महसूल साधारण 20 टक्के. बेरीज 1, म्हणून उंबरठाही 1. आता अर्थतज्ज्ञ सुकन्या बोस आणि एन. आर. भानुमूर्ती यांचे भारतासाठीचे गुणक बघा: भांडवली खर्च (रस्ते, रेल्वे अशी कामं) 2.45, हस्तांतरणं (अनुदानं, थेट मदत) 0.98, इतर महसुली खर्च 0.99. म्हणजे अनुदान कापलं तर जेमतेम काठावर, रस्ता-रेल्वे कापली तर सरळ नुकसान. नेमकी अडचण अशी की घाईत कापायला सोपा असतो तो भांडवली खर्चच. व्याज, पगार, निवृत्तिवेतन यांना हात लावता येत नाही, एकट्या व्याजातच केंद्राच्या खर्चाचा पाव हिस्सा जातो. टेंडर लांबवलं, कंत्राटदाराचं बिल रोखलं, तर वर्षभर कोणी ओरडत नाही.

केंद्राने 2020-21 मध्ये 9.2 टक्के असलेली तूट 2025-26 च्या अंदाजात 4.4 वर आणली, तरी मंदी आली नाही. कोविडचा जादा खर्च ओसरला, करवसुली वाढली, आणि भांडवली खर्च 4.26 लाख कोटींवरून 11.21 लाख कोटींपर्यंत नेला. उलट चित्र 2024-25 च्या पहिल्या सहामाहीत दिसलं. निवडणुकीमुळे कामं थंडावली, भांडवली खर्च आदल्या वर्षीच्या 4.9 लाख कोटींवरून 4.15 वर आला, आणि जुलै-सप्टेंबरची वाढ सुरुवातीच्या अंदाजात 5.4 टक्के निघाली, सात तिमाह्यांतली सर्वात कमी. शहरी मागणी आणि कारखानदारीही मंदावली होती, तेव्हा सगळं खापर त्यावर नको. पण ही मंदगती झाली, मंदी नव्हे.

टोरांटोकर:
लक्ष ठेवायचं असेल तर एक सूचना: नुसती तूट बघू नका. मंदीत महसूल आपोआप पडतो, त्यामुळे सरकार जोरात कपात करत असतानाही तूट फुगलेली दिसते. व्याज वगळा, तेजी-मंदीचा परिणाम बाजूला काढा, आणि उरलेली तूट जीडीपीच्या किती टक्क्यांनी हलली ते पाहा. वर्षात दोन-तीन टक्क्यांनी आवळली गेली आणि व्याजदर उतरत नसतील, तर सावध.

हिशेबी:
भारतापुरतं दर महिनाअखेरीला महालेखा नियंत्रकांचे मासिक हिशेब येतात, ते बघा. फक्त भांडवली खर्चाच्या रकान्यातून राज्यांना दिलेली कर्जं वेगळी काढा. 2025-26 च्या अंदाजात अशी पन्नास वर्षांची बिनव्याजी कर्जं दीड लाख कोटींची आहेत. केंद्राच्या वहीत तो खर्च दिसतो, पण राज्याने काम काढलंच नाही तर सिमेंटची एक गोणीही हललेली नसते.